एकतीस नंबरची चव

"ह्यानं औत ओढलेलं नाई," सगुणाआत्या म्हणाली आणि तोंडातला घास तिने कागदी रुमालात काढून ठेवला.

टेबलाभोवती बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चाकणजवळच्या 'आदिचव' कंपनीत चव तपासण्यासाठी ही पांढरीशुभ्र खोली राखलेली होती, आणि आजवर इथे येऊन बसलेल्यांनी डोळे मिटून 'किंचित लोहगंध' किंवा 'शेवटाला गवताची छटा' असली वाक्यं उच्चारली होती. औताचं नाव काढणारी ही पहिलीच. कंपनीचे मालक सारंग जहागीरदार हसले.

"आजी, हे टाकीत वाढलेलं मांस आहे. ह्याला ना पाय ना खांदा. औत कुठून ओढणार?"

"मंग तसंच लागायलंय," आत्या म्हणाली. "बसून खाल्लेलं."

दमयंतीने मान खाली घालून ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. ती इथली मुख्य संशोधक, आणि समोर बसलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तिच्या बापाची सख्खी थोरली बहीण. जहागीरदारांना मात्र तिने 'आमच्या गावाकडच्या एक आजी' एवढंच सांगितलं होतं. त्यात तसं खोटं काही नव्हतं. बापाने तिचं शाळेत नाव घालताना सोनकांबळेच्या जागी कंधारकर लावलं, तेव्हापासून ह्या घराला खोटं न बोलता गप्प राहायची चांगली सवय झालेली होती.

हा सगळा धंदा उभा राहिला तो तीन वर्षांपूर्वीच्या नियमामुळे. जनावर जिवंत ठेवून, त्याच्या पेशी घेऊन टाकीत वाढवलेलं मांस म्हणजे गोमांस नव्हे, ते 'पेशीजन्य अन्न', असं एकदा कागदावर आलं आणि ज्यांनी जन्मभर ह्या मांसाचं नाव निघताच कानांवर हात ठेवले होते त्यांचेच फोन सुरू झाले. शास्त्र सरळ होतं. लाल कंधारी जातीच्या बैलाची मांडी बधिर करून तिथला तुरीच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा. त्यात स्नायूंची झीज भरून काढणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांना साखर, क्षार, प्रथिनं आणि ऊब मिळाली की त्या वाढतात, एकमेकींना जुळतात आणि त्यांचे तंतू होतात. महिन्याभरात एका टाकीतून चाळीस किलो मांस. बैलाला काही पत्ताही नसतो. कंपनीने त्याच्यासाठी पंखे लावलेला गोठा बांधला होता आणि पाहुणे आले की त्याच्या गळ्यात हार घालून फोटो काढले जात.

घोडं अडलं होतं चवीपाशी. देशी जनावराचं मांस वेगळं का असतं, ह्यावर दमयंतीने दोनशे पानांचा अहवाल लिहिला होता. ही जनावरं सावकाश वाढतात. अंगावर चरबी बेताची, आणि माळावर चरत असल्यामुळे गवतातल्या रंगद्रव्याने पिवळसर झालेली. मांस गडद तांबडं, कारण स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन जास्त. तंतू चिवट, म्हणून ते मंद आचेवर दोन-दोन तास ठेवावं लागतं, आणि मग तोच चिवटपणा विरघळून रस्सा दाट होतो. अहवाल उत्तम होता. टाकीत मात्र ह्यातलं काहीच उतरत नव्हतं. मऊ, फिकं, पाणचट काहीतरी निघत होतं. बरं, खरी चव कशी होती हे सांगणारा जाणकारही मिळेना. कत्तल बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि हॉटेलांतले चवतज्ज्ञ सगळे परदेशी मांसावर पोसलेले. म्हणून दमयंतीने कंधार तालुक्यातल्या बोरगव्हाणहून आत्याला आपल्या मोशीच्या फ्लॅटवर आणलं होतं.

त्या संध्याकाळी आत्या ओट्यापाशी भाकरी थापत होती. दमयंतीने विचारलं, "औत ओढलेलं कळतं कसं गं खाताना?"

"खाताना कशाला, कापतानाच कळतंय. काम केलेल्या जनावराचं मटण सुरीला अडतंय. रंग बी काळपट असतो. मानेचं, खांद्याचं तर लईच." आत्याने भाकरी उलटली. "तुमच्या टाकीतलं ते निसतं वाढलंय. त्याला कुनी कामाला लावलंच नाई."

दमयंतीचा हात ताटावरच थांबला. इतकी साधी गोष्ट दोनशे पानांत कुठेच नव्हती. स्नायू आकुंचन पावला, पुन्हा पुन्हा पावला, की तो बदलतो. सावकाश आणि दीर्घकाळ राबणारे तंतू वाढतात, तांबडं प्रथिन वाढतं, तंतूंभोवतीची जाळी घट्ट होते. व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. पेशींना खाऊ-पिऊ घालणाऱ्या एकाही शहाण्याला ते सुचलं नव्हतं.

आठवडाभरात तिने टाकीत दोन खुंट्या बसवल्या, त्यांच्यामध्ये तंतू ताणून धरले आणि विजेचे बारीक झटके द्यायला सुरुवात केली. सेकंदाला एक झटका, सहा तास काम, मग विश्रांती. तंतू आखडत, खुंट्या ओढत, सैल पडत. टाकीतला बिनपायांचा, बिनडोक्याचा बैल औत ओढू लागला. बारा वर्षांची नांगरट तो चाळीस दिवसांत उरकणार होता. जहागीरदारांनी काचेतून ते पाहिलं आणि दमयंतीचा हात हातात घेऊन दोनदा हलवला. ह्या पद्धतीला त्यांनी 'श्रमसंस्कार' असं नाव दिलं. नाव देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

आत्या दर शुक्रवारी कंपनीत येऊन चाखत होती. बावीस नंबरला "बरं हाय" म्हणाली. सव्वीसला "जवळ आलंय, पन ते नव्हं." दमयंती दर वेळी एकच प्रश्न विचारी, "खऱ्यासारखं आहे का?" आणि आत्या प्रामाणिकपणे मान हलवी.

एकतीस नंबर खरं तर फेकून द्यायचा होता. दिवाळीच्या चार सुट्ट्यांत त्या टाकीला खुराक पोचवणारा पंप बंद पडला आणि झटके देणारं यंत्र मात्र चालूच राहिलं. दमयंती परतली तेव्हा मांस आक्रसून गेलं होतं, रंग जवळजवळ काळा झाला होता. तरी तिने त्यातला तुकडा शिजवून बाकीच्यांबरोबर ठेवला, निव्वळ तुलनेसाठी.

आत्याने तो तोंडात घातला आणि चावायची थांबली. मग हळूहळू चावू लागली. तिने तो गिळला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हेच."

"नक्की?"

"हेच म्हनलं ना."

खोलीत टाळ्या वाजल्या. कोणीतरी पेढे आणायला धावलं. दमयंतीला इतका आनंद झाला की आत्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला, हे तिने पाहिलं आणि सोडून दिलं. पुढच्या दोन दिवसांत कारणही सापडलं. काम चालू आणि खायला काही नाही अशा अवस्थेत स्नायू स्वतःलाच खाऊ लागतो. त्याची प्रथिनं फुटतात, त्यातून जिभेला खमंग लागणारी आम्लं सुटतात, आणि उरतं ते आटीव, गडद, खोल चवीचं. दमयंतीने पुन्हा तीन टाक्यांना चार-चार दिवस उपाशी ठेवून राबवलं. तिन्हींची चव तीच निघाली. जहागीरदारांनी गुरुवारी सगळ्यांना जेवायला नेलं.

आत्या मात्र त्या दिवसापासून नीट जेवत नव्हती. रविवारी दुपारी दमयंतीने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि हौसेने सगळा प्रकार समजावून सांगितला. पंप कसा बंद पडला, तंतू उपाशीपोटी कसे राबले, आणि त्यातूनच ती चव कशी उतरली.

"उपाशी," आत्या म्हणाली. "व्हय. उपाशीच व्हता तो."

"कोण?"

"तू मला खरं कोनतं ते इचारलंस, दमे. चांगलं कोनतं ते कुटं इचारलंस?" तिने ताट बाजूला सारलं. "मी त्या जातीच्या बैलाचं मटण येकदाच खाल्लं. बहात्तरच्या दुष्काळात. तवा मी नऊ वर्साची आन तुझा बाप दोन वर्साचा."

दमयंती समोर बसली. आत्या खिडकीकडे बघत बोलत होती.

"आमच्या वस्तीनं मेलेलं ढोर वढायचं, खायचं, समदं सोडलं व्हतं. मी जन्मायच्या आदीच. तुझा आजा धोंडिबा, त्यानंच पुढं हून समद्यायला शपथ घालून दिली. ज्याचं ढोर त्यानं पुरावं, आमी हात लावनार नाई. त्याच्यापाई मार खाल्ला, पन शपथ मोडली नाई. मंग बहात्तर आलं. आजा पाटलाकडं सालगडी. पाटलाचा तांबड्या बैल त्यानं चौदा वर्स औताला धरला व्हता. कडबा सपला तरी पाटलानं बैल सडकंच्या कामाला लावला, खडीची गाडी वढायला. उपाशीपोटी वढायचा. येक दिवस गाडीलाच बसला, पुना उटला नाई."

"आणि?"

"तुझा बाप रडायचा बी बंद झाला व्हता. लेकरू रडंनासं झालं की मायला कळतंय. माझी माय काईच बोलली नाई, निसतं लेकरू बापाच्या मांडीवर ठिवलं. बाप उटला, सुरी घेतली. मी संगं गेले. तो आदी बैलाच्या पाया पडला, मंग कापायला बसला. घरी आनून मटनाच्या लांब पट्ट्या कापून चान्या केल्या, मीठ लावून दोरीवर वाळू घातल्या. रोज दोन चान्या शिजवायच्या आन ते पानी तुझ्या बापाला पाजायचं. त्याच्यावर जगला तो. बापानं सवता येक बोटी तोंडात घातली नाई."

आत्याने डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच गालावरून ओघळू दिलं. "वस्तीतल्या समद्यायनं नेलं तवा. समद्यायच्या घरी लेकरं व्हती. कुनी त्याला नाव ठिवलं नाई. पन तो पुना चारचौघांत बोलायला उभा रायला नाई. मरताना मला म्हनला, सगुने, सांगू नको. मी कुनालाच सांगितलं नाई. तुझ्या बापाला बी नाई."

दमयंतीला लाज वाटली, आजोबांची नव्हे, स्वतःची. ज्या चवीसाठी गुरुवारी तिने अभिनंदन स्वीकारलं होतं ती एका मेलेल्या बैलाच्या उपासाची होती, आणि त्या उपासावरच तिचा बाप वाचला होता. तिने आत्याचा हात धरला. "मी हे बंद करायला लावते. दुसरी चव काढू."

"बंद कशाला? लोकं खातील, खाऊ दे. आमी भुकेनं खाल्लं, ते हौसेनं खातील." आत्याचा आवाज कडक झाला. "पन त्या पाकिटावर लिवा. धोंडिबा सोनकांबळेचं नाव लिवा. गावाचं लिवा. बैलाचं बी लिवा. मी सत्तर वर्स गप बसले. आता तुमी ती चव हुडकून काढलीच, तर त्याचं नाव बी निघू दे. त्यानं काय पाप केलं नव्हतं."

"लिहीन," दमयंती म्हणाली. "नियमच आहे तसा." आणि नियम खरोखरच तसा होता. परंपरेतल्या चवीवरून पेशीजन्य अन्न बनवलं तर त्या चवीचा मूळ जाणकार कोण, त्याचं नाव-गाव पाकिटावर छापावं लागे. जाणकार नसेल तर तिथे 'कंपनीचे अंतर्गत संशोधन' असं लिहायचं. अर्जावर सही मुख्य संशोधकाची.

मंगळवारी ती अर्ज घेऊन जहागीरदारांच्या खोलीत गेली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. फक्त 'माझे आजोबा'च्या जागी 'त्या आजींचे वडील' म्हणाली. जहागीरदारांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते.

"फार मोठी माणसं होती हो ही," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण पाकिटावर नको. अहो, 'कंधारी राजस' असं नाव ठेवलंय आपण. लोक पाहुण्यांना बोलावून हे वाढणार. जेवायला बसल्यावर दुष्काळ, मेलेलं जनावर... आणि ते आडनाव. मला काही वाटत नाही, माझं सोडा. पण उद्या त्याच समाजाचे लोक येऊन म्हणतील, आमची ही गोष्ट तुम्ही चव्हाट्यावर मांडली. कुठे तोंड देत बसायचं? त्या आजींना आपण चांगलं मानधन देऊ."

"त्यांना मानधन नको आहे. नाव हवंय."

जहागीरदारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ते मूर्ख नव्हते. "दमयंतीबाई, एक विचारू? त्या तुमच्या नात्यातल्या आहेत का? तसं असेल तर मी वेगळ्या पद्धतीने विचार करीन. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही."

इतका सोपा प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दार उघडं होतं, बाहेर तिच्या हाताखालची चौदा माणसं काम करत होती, त्यांच्यातली निम्मी तिच्याकडे डबा खायला येत. संचालकपदाचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. जहागीरदारांनी पत्र मागे घेतलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं. तिला भीती होती ती त्यानंतरच्या त्यांच्या चांगुलपणाची. उद्यापासून ते जपून बोलतील, सगळेच जपून बोलतील, आणि एखाद्या कार्यक्रमात कौतुकाने तिला उभं करून ही गोष्ट सांगतील.

"नाही," ती म्हणाली. "गावाकडच्या आहेत."

"मग प्रश्नच मिटला," जहागीरदार म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे केलं. तिने त्या रकान्यात 'कंपनीचे अंतर्गत संशोधन' असं लिहून सही केली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं होतं.

'कंधारी राजस' फेब्रुवारीत बाजारात आलं. मोठमोठ्या हॉटेलांनी पहिल्या आठवड्यातच सगळा माल उचलला. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक सरदार घोड्यावरून उतरून पंगतीला बसत होता. आत्या पाकिटासाठीच थांबली होती. गावी निघायचं नाव काढत नव्हती. एक दिवस दमयंती ते घेऊन आली. काळं, चकचकीत, सोनेरी अक्षरांचं पाकीट होतं.

आत्याने हात धुतले, पुसले आणि मग ते घेतलं. तिला अक्षरओळख नव्हती. तिने बोट फिरवत पाकीट उलटंसुलटं केलं आणि मागच्या बाजूच्या बारीक छपाईवर येऊन थांबली.

"हितं हाय का? वाच की."

दमयंतीने येताना गाडीत ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. पण आत्याचा चेहरा तिने बऱ्याच महिन्यांत इतका निवलेला पाहिला नव्हता. तिने पाकीट हातात धरलं आणि जे छापलेलं नव्हतं ते वाचलं.

"ही चव धोंडिबा सोनकांबळे आणि त्यांची मुलगी सगुणाबाई, राहणार बोरगव्हाण, तालुका कंधार, ह्यांनी जपली. एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात तांबड्या नावाच्या बैलाने ह्या गावची लेकरं जगवली."

आत्या डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. आयुष्यभर जे काही टिकवायचं ते कानाने ऐकून आणि तोंडाने घोकून टिकवणारी बाई ती; ओव्या, लग्नातली गाणी, विहारातली वंदना, सगळं तिला असंच पाठ होतं.

"अजून येकदा वाच," ती म्हणाली. "मला ध्यानात ठिवायचंय. गावात सांगीन."

दमयंतीने पुन्हा सुरुवात केली. "एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात तांबड्या नावाच्या बैलाने बोरगव्हाणची लेकरं जगवली. ही चव सगुणाबाई आणि त्यांचे वडील धोंडिबा सोनकांबळे..."

आत्याने डोळे उघडले.

"मघाशी बाप आदी व्हता," ती म्हणाली. "बैल मागून आला व्हता."

दमयंतीने पाकीट उजेडाकडे तिरकं धरलं.

"छापलेलं हालत नाई ना गं, दमे?"

खाली कोणीतरी गाडी लावत होतं, तिचा मागे येण्याचा इशारा किती तरी वेळ वाजत राहिला. आत्याने पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं, त्या बारीक छपाईवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय लिवलंय?"

"शिजवण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवा," दमयंती म्हणाली. "त्याच्या खाली, चवीचा उगम, कंपनीचे अंतर्गत संशोधन."

"म्हंजे कोन?"

"म्हणजे मी."

आत्याने मान हलवली. ती रागावली नाही, रडलीही नाही. तसं काही केलं असतं तर दमयंतीला बरं वाटलं असतं. आत्याने पाकीट टेबलावर ठेवलं, उठून कपाटातली आपली पिशवी काढली आणि लुगड्यांच्या घड्या त्यात नीट लावू लागली.

"तुझ्या बापाला मी सांगितलं नाई," ती पाठमोरीच म्हणाली. "तो मान वर करून जगला. तुला सांगितलं, ती माझी चूक झाली. उद्या मला नांदेडच्या गाडीत बसवून दे."